साडेतीन पानांच्या शेवटी सापडलेला प्रश्न

*आदरणीय ताई,*

*मी निफाड तालुक्यातली. दहावीपर्यंत गावात मराठी माध्यमात शिकले, बी.कॉम. नाशिकला केलं. आता एमबीएचं पहिलं वर्ष संपवून अंबडच्या एका कंपनीत, परचेसमध्ये (खरेदी विभागात), उन्हाळी प्रोजेक्ट करते आहे. घरी कांदा आणि थोडी द्राक्षं. एका सोमवारी व्हेंडर, म्हणजे माल पुरवणारा, फोनवर म्हणाला की मंगळवारी यायचे ब्रॅकेट (लाइनवर लागणारा एक पार्ट) गुरुवारी येतील. मी दुपारी चारला सरांना मेल केला. तरी मंगळवारी दुसऱ्या शिफ्टला उत्पादनाची लाइन थांबली. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "एमबीए करताय आणि साधं सांगता येत नाही? कम्युनिकेशन सुधारा." मी मेल दाखवला, तर म्हणाले, "हा निबंध कोण वाचणार?" तेव्हापासून मीटिंगमध्ये माझं तोंड उघडत नाही. माझं इंग्रजी कच्चं आहे. कॉलेज रोडला एक स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे, तीन महिन्यांचा, फी १८ हजार. दिवाळीनंतर प्लेसमेंट सुरू होतील. वडिलांकडे पैसे मागायचा धीर होत नाही. क्लास लावू का?*

*– एक विद्यार्थिनी, सिडको, नाशिक*

(पत्र बरंच मोठं होतं. काटून दिलं आहे.)

क्लास लावू नकोस. निदान आत्ता तरी नको, आणि या कारणासाठी तर नकोच.

आता का ते सांगते. तुझं पत्र साडेतीन पानी होतं. पहिल्या पानावर गाव, शाळा, बारावीचे मार्क, बसचा पास. दुसऱ्यावर कंपनी, कँटीन, सोबतच्या पुण्याच्या मुली कशा फाडफाड बोलतात ते. ब्रॅकेट तिसऱ्या पानावर उगवले, आणि "क्लास लावू का" हा प्रश्न, ज्यासाठी तू पत्र लिहिलंस, तो शेवटून दुसऱ्या ओळीत. रागावू नकोस, पण हे सगळं तू मराठीत लिहिलं होतंस. चांगल्या मराठीत. एकही शुद्धलेखनाची चूक नाही, आणि ती हल्ली मोठमोठ्यांची होते.

सोबत तू त्या मेलची प्रत जोडलीस हे फार बरं केलंस. मेलचा विषय "रिगार्डिंग व्हेंडर फॉलोअप". मग सहा परिच्छेद. तू त्या दिवशी किती व्हेंडरना फोन केलेस, कोणी उचलला, कोणी नाही, एक्सेल शीटमध्ये कुठले नवे कॉलम घातलेस. गुरुवार हा शब्द पाचव्या परिच्छेदात. सर खेकसले ते चुकलंच त्यांचं, त्याबद्दल पुढे बोलते. पण सोमवारी दुपारी चार वाजता, शंभर मेल पडलेल्या डब्यात, हा विषय वाचून मीसुद्धा तो उघडला नसता. तुझं इंग्रजी मात्र त्यात ठीकच आहे गं. दोन ठिकाणी काळ चुकलाय, एका ठिकाणी शब्दयोगी अव्यय राहिलंय. त्याने लाइन थांबत नाही.

घरी कांदा आहे म्हणतेस. मग वडील लासलगावला किंवा पिंपळगावला माल घेऊन जातात तेव्हा तिथून आईला फोन करतात ना? काय सांगतात? "गेला. अठराशेने. पट्टी मिळाली, पैसे घेऊन निघतो, जेवायला थांबू नका." संपलं. पहाटे ट्रॅक्टर कधी निघाला, गेटवर रांग किती होती, लिलावात कुठला व्यापारी पुढे आला, हे सगळं रात्री ओट्यावर, चहासोबत. अठराशे म्हणजे क्विंटलला, हे आईला वेगळं सांगावं लागत नाही. आणि टोमॅटोचा भाव सांगतील तेव्हा तो वीस किलोच्या क्रेटचा, हेही घरात सगळ्यांना ठाऊक. ऐकणाऱ्याला आधी काय हवंय, तिला काय आधीच माहीत आहे, आणि तिने आता काय करायचं, या तिन्हींचा विचार त्या एका फोनमध्ये आहे. तुझ्या घरात हे रोज चालतं, आणि तू १८ हजार घेऊन कॉलेज रोडला निघालीस.

तुझ्याच पत्रातले आकडे घेऊन तो मेल मी पुन्हा लिहिलाय. मराठीत लिहिते, तू हवं तर इंग्रजीत कर.

विषय: ब्रॅकेट मंगळवारऐवजी गुरुवारी – आज सहापर्यंत निर्णय हवा

"सर, ४,००० ब्रॅकेट उद्या येणार नाहीत, गुरुवारी दुपारी येतील. व्हेंडरकडे प्लेटिंग बाकी आहे. आपल्या स्टोअरला आत्ता ९०० नग आहेत आणि शिफ्टला ४५० लागतात. म्हणजे उद्या पहिल्या शिफ्टअखेर साठा संपेल. व्हेंडरकडे प्लेटिंग झालेले ६०० तयार आहेत. ते आज टेम्पो पाठवून आणले तर उद्याची दुसरी शिफ्ट निघेल. बुधवारी आणि गुरुवारी माल येईपर्यंत लाइनवर दुसरं मॉडेल घ्यावं लागेल, ते प्लॅनिंगला विचारावं लागेल. टेम्पो पाठवू का? पाच वाजता मी आपल्या केबिनपाशी येते."

एवढंच. यात तू केलेले अकरा फोन नाहीत. मला कळतं, ते फोन दिसावेत असं तुला वाटत होतं. इंटर्न आहे, दोन महिन्यांत काही केलं की नाही हे दाखवायचंय. पण कष्ट दाखवायची जागा प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आहे. तिथे लिही पानंच्या पानं.

आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली, तिने मला जरा अस्वस्थ केलं. ते ६०० तयार नग. पत्रात तू सहज लिहून गेलीस, "व्हेंडर म्हणाला होता की सहाशे झालेत, पण बाकीचे राहिलेत म्हणून." तुझ्या मूळ मेलमध्ये हे ६०० कुठेच नाहीत! साहेबांना जो एक तुकडा खरोखर उपयोगी पडला असता, तोच गळला. का गळला असेल? तुला वाटलं असणार की आपलं काम निरोप पोचवायचं, मार्ग सुचवायचा तो मोठ्यांनी. हे तुझ्या एकटीचं नाही. आपल्याकडे घराघरात मुलांना, त्यातून मुलींना, "मोठ्यांच्या मध्ये बोलू नये" हे इतक्या लवकर शिकवलं जातं की एमबीएची दोन वर्षं त्याला पुरी पडत नाहीत.

याच वळणावरचा एक प्रसंग सांगते. २५ जानेवारी १९९०. कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं आव्हियांका कंपनीचं विमान. न्यूयॉर्कला हवा खराब, विमानं आकाशात घिरट्या घालत थांबवलेली, हेही तासाहून जास्त वेळ थांबलं. इंधन संपत आलं. रेडिओवर बोलणारा सहवैमानिक होता, त्याला इंग्रजी येत होतं. त्याने प्राधान्य मागितलं, इंधन संपतंय असंही सांगितलं. पण "इमर्जन्सी" हा शब्द त्याने उच्चारला नाही. पहिला उतरायचा प्रयत्न फसल्यावरसुद्धा इंधनाची गोष्ट दुसऱ्या सूचनेला दुजोरा देता देता, वाक्याच्या शेपटाला आली. कंट्रोलरच्या कानाला ते नेहमीचंच वाटलं. विमान लाँग आयलंडवर कोसळलं, १५८ पैकी ७३ माणसं गेली. वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त समोरच्याने हातातलं काम टाकून धावत यावं असा त्याचा सूर नव्हता.

तुझा मेलही तसाच होता, अगदी नम्र. ब्रॅकेटसाठी कोणी मरत नाही हे खरं. पण "सर, जमलं तर एकदा बघाल का" आणि "सर, उद्या साडेतीनला लाइन थांबेल" या दोन वाक्यांत किती अंतर आहे, ते पाहा. दुसऱ्यात उद्धटपणा कुठे आहे सांग. "सर" आहे, "आपण" म्हण हवं तर. आदर क्रियापदात ठेवावा, बातमी पातळ करून नव्हे.

हे मला कोणी क्लासमध्ये शिकवलेलं नाही. नव्वदीच्या सुरुवातीला मी सातपूरला एका कारखान्यात लागले, प्लॅनिंगमध्ये. दुसरंच वर्ष. गिऱ्हाइकाकडून सुधारलेलं ड्रॉइंग आलं, एका भोकाचं माप ८.५ वरून ८.२ झालं होतं. मशीनशॉपचे सुपरवायझर वयाने माझ्या वडिलांएवढे, शिवाय रागीट म्हणून प्रसिद्ध. मी दारातूनच म्हटलं, "ड्रॉइंगमध्ये थोडा बदल आहे हं, टेबलावर ठेवते." ते म्हणाले, "ठेवा." थोडा बदल! त्यांनी ते दोन दिवसांनी उघडलं. तोवर ३४० नग जुन्या मापाने होऊन गेले होते. ८.५ चं भोक ८.२ चं करता येत नाही, उलटं असतं तर रीमर मारून, म्हणजे भोक मोठं करून, निभावलं असतं. सगळा माल भंगारात. सुपरवायझर काका मला काही बोलले नाहीत, फक्त एक नग माझ्या टेबलावर पेपरवेटसारखा ठेवून गेले. निवृत्तीच्या दिवशी तो मी घरी आणला. "थोडा", "जरा", "बहुतेक", "लवकरच" हे शब्द मी त्यानंतर कारखान्यात फारसे वापरले नाहीत. घरी वापरते, भाजीत मीठ घालताना.

त्या दारातून मी आणखी एक शिकले. कागद ठेवला म्हणजे सांगून झालं असं नाही. तुझा मेल चारला गेला, आणि नंतर दिवसभर, आणि मंगळवारी सकाळी, तू साहेबांना समोर पाहिलंस. तूच लिहितेस, मॉर्निंग मीटिंगला ते तुझ्यापासून चार फुटांवर उभे होते. तिथे एक वाक्य बोललीस असतीस तर पहिली शिफ्ट चालू असतानाच टेम्पो निघाला असता. व्हेंडर सातपूरचा, आणि अंबडहून सातपूर म्हणजे किती अंतर? ट्रॅफिक धरूनही अर्धा-पाऊण तास. माझा साधा हिशेब आहे: ज्या बातमीने उद्या कोणाचं काम थांबणार आहे ती तोंडाने सांगायची, फोनने किंवा समोर जाऊन. मेल त्याच्या मागून, नोंदीसाठी. आणि सांगून झालं की समोरच्याकडून परत वदवून घ्यायचं. विमानवाल्यांमध्ये ही रीतच आहे, कंट्रोलरने दिलेली सूचना वैमानिक जशीच्या तशी परत बोलून दाखवतो. आपल्याला तेवढं कडक नको. "म्हणजे सर, मी टेम्पो पाठवते आणि प्लॅनिंगला तुम्ही बोलताय, बरोबर?" एवढं पुरे.

व्हॉट्सअॅपबद्दल दोनच गोष्टी. नुसतं "हाय सर" टाकून उत्तराची वाट बघत बसायचं नाही, जे आहे ते त्याच मेसेजमध्ये टाकायचं. आणि प्रेसशॉपमध्ये उभ्या असलेल्या माणसाला व्हॉइस नोट पाठवायची नाही, त्याला फक्त धाडधाड ऐकू येतं.

सीसीचं मात्र थोडं लांबेल, कारण तुझ्या मेलवर सीसीमध्ये नऊ नावं आहेत. मी मोजली. सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरच्या काळात खरोखर निळा-काळा कार्बन घालून प्रत काढावी लागायची, चौथ्या प्रतीपर्यंत अक्षर पुसट व्हायचं, म्हणून प्रत कोणाला द्यायची याचा विचार व्हायचा. आता फुकट आहे, म्हणून सगळ्यांनाच. नऊ जणांना मेल गेला की प्रत्येकाला वाटतं, बाकीचे आठ बघतील. त्यातून क्वालिटीच्या मोठ्या साहेबांना का घातलंस? तुझ्या सरांना वाटलं असेल, ही पोरगी माझ्या डोक्यावरून वर कळवते आहे. तुझ्या मनात तसं काही नव्हतं हे मला माहीत आहे, तू शीटवरचे सगळे पत्ते उचललेस. पण कंपनीत सीसीकडे लोक लग्नपत्रिकेवरच्या नावांसारखं बघतात. कोण आहे, कोण नाही, कोणाच्या आधी कोण. ज्याने काम करायचं तो "टू"मध्ये, ज्याला माहीत असणं गरजेचं तो सीसीमध्ये, आणि असे दोनच्या वर क्वचित असतात.

आता मीटिंग. तुझं तोंड उघडत नाही कारण तुला वाटतं, इंग्रजीत बोलावं लागेल आणि अडखळशील. नाशिकच्या किती कारखान्यांत मॉर्निंग मीटिंग शुद्ध इंग्रजीत चालते, हे मला दाखव. मी तीस वर्षांत पाहिलेली मीटिंग म्हणजे मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांची मिसळ, आणि तर्री प्रत्येकाच्या मगदुराप्रमाणे. प्लांट हेड चेन्नईचे असतील तर हिंदीही मोडकी. कोणी कोणाचं व्याकरण तपासत नाही, सगळ्यांचं लक्ष बोर्डावरच्या लाल आकड्याकडे असतं. तू रोज एक आकडा घेऊन जा. एकच. "आज सकाळी आठला स्टोअरला अमुक पार्टचे इतके नग, उद्या संध्याकाळपर्यंत पुरतील." पहिल्या पाच मिनिटांतच बोलून टाक, कारण जितका वेळ गप्प राहशील तितकं पहिलं वाक्य जड होत जातं. आठवडाभराने लोक आपणहून तुझ्याकडे वळून विचारतील.

तो आकडा मिळवायला स्टोअरला जावं लागेल, आणि तिथे बोलायची पद्धत वेगळी. एमबीएच्या पुस्तकात असतं की सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारा, मोकळं वातावरण तयार होतं. पंचवीस वर्षं रॅक लावणाऱ्या माणसाला बावीस वर्षांच्या मुलीने पहिल्या नावाने हाक मारली तर मोकळं वगैरे काही होत नाही, पुढचा महिनाभर तुझा मटेरियल स्लिपचा कागद सापडत नाही. काका म्हण, मामा म्हण, तुझ्यापेक्षा थोडाच मोठा असेल तर दादा. युपी-बिहारकडचे असतील तर भैया नको, "भाईसाहब" चालतं, किंवा नाव विचारून त्याला "जी" लाव. वर ऑफिसात सर-मॅडम, ते स्वतः "नावाने बोल" म्हणेपर्यंत. आणि खाली प्रश्न विचारायला जाशील तेव्हा वही घेऊन जा, मोबाइल नको. मोबाइल काढला की त्यांना वाटतं, फोटो काढून वर पाठवणार.

राहिले तुझे सर. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. ज्याच्यामुळे लाइन थांबू शकते अशा पार्टचा फॉलोअप त्यांनी तीन आठवड्यांच्या इंटर्नवर एकटीवर सोडला, मागे कोणी ठेवलं नाही, अडचण आली तर कोणाला उठवायचं ते सांगितलं नाही. हा त्यांचा वाटा. तो तू त्यांना ऐकवायचा नाहीस, पण मनात मात्र स्वतःच्या खात्यावर घेऊ नकोस. "कम्युनिकेशन सुधारा" हा शेरा तर मला कधीच आवडला नाही. वहीवर "नीट लिहा" असं मारणाऱ्या मास्तरांसारखा तो. काय नीट, कुठे नीट, ते सांगायचं नाही.

म्हणून तूच विचार. प्रोजेक्टचे अजून तीन आठवडे आहेत. पुन्हा लिहिलेला मेल छापून घे, वेळ मागून जा आणि म्हण, "सर, त्या सोमवारचा मेल मी असा पाठवायला हवा होता का? यात अजून काय हवं होतं?" माफी मागत बसू नकोस, रडगाणं नको. बहुतेक साहेब, आणि इथे मी "बहुतेक" मुद्दाम वापरते, अशा प्रश्नाला पेन हातात घेऊन उत्तर देतात. त्यांनी जे खोडलं, जे वाढवलं, तो कागद जपून ठेव. वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, परीक्षक विचारतील, प्रोजेक्टमध्ये काय शिकलात. तेव्हा स्लाइडवरच्या व्याख्या म्हणण्यापेक्षा हे सांग: एक शिफ्ट लाइन थांबली, त्यात माझ्या मेलचा वाटा होता, नंतर मी ही पद्धत बदलली. प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूलाही तेच. गोष्ट तुझी स्वतःची आहे, पाठ करावी लागणार नाही, आणि ग्रुप डिस्कशनमध्ये पुण्याच्या त्या फाडफाड मुली बोलतील त्यात असा एक खराखुरा ब्रॅकेट नसेल.

इंग्रजीची गरज नाही असं मी म्हणत नाहीये. खोटं कशाला बोलू? पुण्या-मुंबईत गेलीस, परदेशी गिऱ्हाइकाशी फोनवर बोलायची वेळ आली, तर ते लागेलच. पण त्याला अठरा हजार नकोत. रोज संध्याकाळी, बसस्टॉपवरून घरी चालत जाताना, दिवसभरात काय झालं ते इंग्रजीत मोठ्याने सांग. कोणाला? कोणालाच. कानाला फोन लाव, लोकांना वाटेल बोलतेय. "द ब्रॅकेट्स विल कम ऑन थर्सडे" इथपासून सुरुवात कर. तुला लागणारे दोन-तीनशे शब्द त्याच कारखान्यातले आहेत, आणि ते क्लासवाल्यांकडे नाहीत, तिथे तुला रेल्वे स्टेशनवर तिकीट कसं मागायचं ते शिकवतील. दिवाळीपर्यंत हे करून बघ. मग वाटलं तर लाव क्लास, मी आडवी येणार नाही.

साहेबांना सोमवारी गाठ, मॉर्निंग मीटिंग सुटल्या सुटल्या. चहाच्या वेळेला नको, तेव्हा ते फोनवर असतात असं तूच दुसऱ्या पानावर लिहिलं आहेस. काय झालं ते कळव. अर्ध्या पानात.